आधी खोलीचा आवाज

बसा.

संगणक सुरू आहे. पडदा उजळला आहे. माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवा.

अजून काही करायचं नाही. फक्त बघा.

ओळखीचं फार काही दिसत नाही. चिन्हांची उभी ओळ डाव्या कडेला आली आहे. अक्षरांचं वळण वेगळं. रंग वेगळे. नजर बावरते.

बावरू द्या. एक श्वास घ्या. सोडा.

यंत्र जुनंच आहे. तोच कीबोर्ड, तीच अक्षरं पुसट झालेली बटणं. आतली प्रणाली तेवढी नवी आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये नसते. मग फॉरमॅट मारून घ्यायचा, उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून घ्यायची. एवढीच हकिगत. ती इथेच ठेवू.

आता कान खोलीकडे न्या.

दुपार आहे. चाकूरची दुपार. लातूर-नांदेड रस्त्यावरून एक ट्रक जातो. त्याचा आवाज येतो, मोठा होतो, विरतो. मागे गिरणीचा पट्टा चालू आहे. डोक्यावर पंखा.

ओसरीवर आजी बसली आहे. तिच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून घ्यायच्या आहेत. जातं केव्हाच कोपऱ्यात गेलं, ओव्या तोंडात राहिल्या.

ती विचारते, "झालं का सुरू?"

म्हणा, "आजी, जरा दम धर."

आणि तुम्हीही दम धरा.

चिन्हांमध्ये हेडफोनचं एक चिन्ह शोधा. ऑडॅसिटी, आवाज मुद्रित करायचं सॉफ्टवेअर. हळूच दाबा. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये हे काम हाती घेतलं. २००० च्या मे महिन्यात ते लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून ते फुकट आहे, आणि विंडोजवर जसं चालतं तसंच इथेही चालतं.

खिडकी उघडते. करड्या रंगाची, रिकामी.

तिच्यात बघत राहा. घाई नाही.

आता लाल गोल बटण दाबा. ध्वनिमुद्रण सुरू होतं. काही बोलू नका. खोकूही नका.

डावीकडून उजवीकडे एक रेष निघाली आहे. तिच्याकडे बघा.

रेष अगदी सरळ आहे. पट्टीने ओढावी इतकी सरळ. तिच्यात कुठे काटा नाही, केस नाही.

वाटतं, किती शांत.

इथे थांबा. नीट ऐका. पंखा फिरतो आहे. गिरणी चालू आहे. ओसरीवर आजीच्या बांगड्या वाजल्या. कानाला हे सगळं कळतं आहे, आणि रेष मात्र हलत नाही.

ही शांतता नाही. यंत्राला ऐकू येत नाही.

नव्या प्रणालीवर पहिल्यांदा बसणाऱ्याला ही रेष बहुधा भेटतेच. माईक आहे, पण ऑडॅसिटीने दुसरंच उपकरण धरलं आहे. किंवा माईक मिटलेला आहे. किंवा परवानगी द्यायची राहिली आहे. लिनक्सवर काही सॉफ्टवेअरना माईकची परवानगी वेगळी द्यावी लागते, हे कुणी आधी सांगत नाही आणि अर्धा दिवस जातो. मध्ये आणखी एक थरही आहे. अलीकडच्या उबुंटूत त्याचं नाव पाइपवायर. प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवाज त्याच्यातून जातो-येतो.

चिडू नका. थांबवायचं बटण दाबा.

प्रणालीच्या सेटिंगमध्ये जा. ‘साऊंड’ उघडा. इनपुटमध्ये आपला माईक निवडा. त्याची पातळी थोडी वर आणा. परत ऑडॅसिटीत या. उपकरणं नव्याने शोधायला सांगा. यादीत माईकचं नाव दिसेल. ते निवडा.

एक श्वास.

पुन्हा लाल बटण.

पुन्हा काही बोलू नका.

आता बघा.

रेष थरथरते आहे.

अगदी थोडी. डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही इतकी. मीटरचा पट्टा उणे पन्नास-साठ डेसिबलच्या आसपास रेंगाळतो आहे. कुणी बोललेलं नाही. तरी रेष जिवंत आहे.

या थरथरीपाशी बसू या.

मोठं करून बघा. कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवा. आणखी. आणखी. रेषेच्या जागी लाट दिसते. आणखी फिरवा. लाटेच्या जागी ठिपके.

सेकंदाला ४४,१०० ठिपके.

माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि ते धरायचं तर दुपटीहून थोडं जास्त वेळा मोजावं लागतं. सीडीच्या काळात हा आकडा ठरला. आपण मोजायचं नाही. एका ठिपक्यावर नजर ठेवा. मग त्याच्या शेजारच्यावर.

या दोन ठिपक्यांच्या मध्ये खोलीत काय झालं?

काहीच नाही. आणि तरी दुसरा ठिपका किंचित वर आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता डोळे मिटा. मुद्रण चालू राहू द्या. एकेक आवाज सुटा करून ऐका.

पंखा. त्याच्या खाली काय आहे?

ट्यूबलाईटच्या चोकची गुणगुण. तिच्या खाली?

आपलाच श्वास.

त्याच्याही खाली जाऊन बघा. काही सापडलं नाही तरी चालेल. तिथे थोडं थांबा.

डोळे उघडा. ट्रॅकच्या नावावर दाबून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. रेष जाते, रंगांचा पडदा येतो. तळाशी आडवी, न तुटणारी एक फिकट रेघ आहे. ती विजेची. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. चोक त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर गुणगुणतो.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या लयीत आलं. तेव्हापासून चाकूरच्या खोलीतली ही रेघ आणि चेन्नईतल्या कुठल्याशा खोलीतली रेघ एकाच स्वरावर आहे. आजीला हे सांगायला हरकत नाही. ती म्हणेल, "बिल तेवढं येगळं येतं."

हसा. पण हळू. मुद्रण चालू आहे.

आणि मग लाईट जाते.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको. पंखा दोन-चार फेऱ्या घेऊन थांबतो. गिरणी थांबते. कुठेतरी चालू असलेली बोअरची मोटार थांबते. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे.

उठू नका. बघा.

तळाची रेघ गेली.

गावभर जे आवाज आहेत हे ठाऊकच नव्हतं, ते थांबल्यावर कळलं.

ऐका. पत्रा उन्हाने तापून एक टिचकी देतो. लिंबावर होला घुमतो. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिचकी.

ऐका.

आजीचा श्वास. ओसरीवरून इथपर्यंत येतो. ती गाण्याआधी घशातल्या घशात सूर लावून बघते आहे.

भारनियमनाला आपण सगळे शिव्या देतो, आणि दिल्याच पाहिजेत. पण गावात ध्वनिमुद्रण करायला याहून चांगली वेळ नाही.

आता तिला खूण करा. बोलू नका, नुसती मान हलवा.

ती गाते.

रेष उमलते. मध्यापासून वर आणि खाली, दोन्हीकडे. उंच होते, निमुळती होते, मिटते. दोन ओळींच्या मध्ये पुन्हा तीच बारीक थरथर.

पडद्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा. यंत्र त्याचं काम करतं आहे.

तिची ओवी संपली की लगेच बटण दाबायला हात जाईल. जाऊ देऊ नका. दहा श्वास तसेच राहा. त्या दहा श्वासांत काही नाही असं वाटेल. पुढचं सगळं काम त्यांच्यावर चालणार आहे.

कसं, ते बघा.

आवाज स्वच्छ करायचा असतो तेव्हा ऑडॅसिटी आधी आवाज मागत नाही. ती मागते रिकामा तुकडा. जिथे कुणी बोललेलं नाही, असे थोडे क्षण निवडा आणि ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन ते तिला ऐकवा. त्यातून तिला खोली कळते. मग पूर्ण मुद्रण निवडायचं, आणि खोली जेवढी नको तेवढी कमी करायची.

ज्याने रिकामा तुकडा ठेवला नाही, त्याला हे करता येत नाही. ओवीच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत कापलेलं मुद्रण दिसायला नेटकं असतं. कामाला अपुरं पडतं.

किती कमी करायची?

इथे पुन्हा थांबा. घुंडी हातात असली की हात सैल सुटतो. बारा, अठरा, चोवीस डेसिबल. खोली पुसली जाते आणि तिच्याबरोबर ‘स’ पुसला जातो, ‘ह’ पुसला जातो, दोन शब्दांमधला दमलेला श्वास पुसला जातो. सूप जोरात हलवलं की कोंड्याबरोबर दाणेही उडतात. उरतो तो आवाज धातूचा वाटतो.

सहा डेसिबल करून बघा. तेवढ्याने गोंगाटाची लाट अर्ध्यावर येते. डोळे मिटून ऐका. आजी आहे का तिथे? ओसरी आहे का?

असेल तर हात मागे घ्या.

होला राहू द्या. पत्र्याची टिचकीही राहू द्या, माझं ऐकाल तर.

गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने पुण्याहून गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बेर्नार बेल यांनी त्यांतल्या कित्येक डिजिटल टेपवर घेतल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बायकांचे आवाज त्यात आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ त्या एकेक करून लोकांपुढे आणत आहे. सवड काढून एखादी ऐका. शब्द ऐकून झाले की पुन्हा ऐका, या वेळी शब्दांच्या मागचं.

मागे एक गाव आहे. ते कुणी पुसलं नाही, हे फार बरं झालं.

परत आपल्या खोलीत या.

लाईट आली आहे. पंख्याने गती घेतली. पडद्यावरची चिन्हं आता तेवढी परकी वाटत नाहीत. शिकायचं बरंच उरलं आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मुक्त सॉफ्टवेअरवरचे धडे मराठीतही ऐकता येतात. एकेक करून ऐकावेत. आज नको.

आज फक्त जतन करा.

ऑडॅसिटीची ३.० आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आली. तेव्हापासून सगळं काम एयूपी३ नावाच्या एकाच फाईलमध्ये राहतं. २.० च्या काळातली ऑडॅसिटी असलेल्या संगणकावर ती फाईल उघडत नाही. म्हणून साफसफाईला हात लावण्याआधी मूळ मुद्रण वेव्ह फाईल करून बाहेर काढा, रिकाम्या तुकड्यासकट, आणि पेनड्राइव्हवर वेगळं ठेवा. फाईलला आजीचं नाव, गाव आणि तारीख द्या. ‘न्यू रेकॉर्डिंग १’ असं ठेवू नका.