कागदांची वाटणी



तुकोबारायांच्या पालखीने देहू सोडले की पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. एका वर्षी त्या मुक्कामी रात्री एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारे, गळ्यात माळ, वारी न चुकवणारे. मुलगा इंजिनिअरिंगला. आधी दोन विषय राहिले, मग चार राहिले, आणि त्या वर्षी वर्षच गेले. पोरगा दुपारपर्यंत अंथरुणात, हातात मोबाईल, घरात कुणाशी बोलणे नाही. गृहस्थ म्हणाले, "महाराज, फॉर्म मी भरतो, सरांना मी भेटतो, सकाळी हाका मारून मी उठवतो. तरी काही हलत नाही. आता याला आवळून धरू, का सोडून देऊ?"

माउली, निगडीपासून चाकणपर्यंत हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे. गावची शेती सोडून आलेला बाप आयुष्यभर मशीनवर उभा राहिला. आपल्याला मिळाले नाही ते पोराला मिळावे, ही त्याची इच्छा खोटी कशी म्हणावी? पण धरणे आणि सोडणे, या दोनच वाटा आहेत का?

याचे उत्तर आपल्याच परिसरात आहे. चाकणच्या पश्चिमेला भामचंद्राचा डोंगर आहे. आज वरून पाहिले तर खाली कारखान्यांचे पत्रे चमकताना दिसतात. तुकोबारायांच्या काळी तिथे एकांत होता. वडील बंधू सावजी विरक्त, म्हणून घरचा व्यापार लहान वयातच तुकोबांच्या अंगावर पडला. आईवडील गेले. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. तुकोबा घर सोडून भामचंद्रावर जाऊन बसले.

धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधायला निघाले. रानोमाळ हिंडून अखेर डोंगरावर भाऊ सापडला. मग दोघे इंद्रायणीच्या काठी आले. लोकांकडून येणे असलेल्या पैशांची खते घरात होती, त्यांची दोघांत वाटणी झाली. कान्होबांनी आपला अर्धा भाग संसारासाठी ठेवला. तुकोबांनी आपला अर्धा भाग इंद्रायणीत बुडवला.

चाळीस वर्षे मी ही कथा कीर्तनात सांगितली. कागद बुडवण्याचा प्रसंग आला की मृदंग वाढायचा, माझा आवाज चढायचा. त्याआधीच्या वाटणीवर मी कधी थांबलो नाही. आणि घरी माझ्या मुलाच्या वाट्याचे सगळे कागद माझ्याच पिशवीत होते. शाखा मी ठरवली, कॉलेज मी ठरवले. तो नापास झाला तेव्हा माझ्या तोंडून गेले, "कीर्तनकाराचा मुलगा, लोक काय म्हणतील?" नापास झाल्याचे दुःख त्याचे होते, तेही मी त्याच्याकडून काढून घेतले. पुढे तो आपल्या पायावर उभा राहिला. पण कित्येक वर्षे त्याने मला काही विचारले नाही, नुसते कळवले.

आता कान्होबांकडे पाहा. त्यांनी दोन गोष्टी केल्या. आधी शोधले. व्यापार बुडवला म्हणून भावाला डोंगरावर सोडून दिले नाही. मग वाटणी मान्य केली. भावाच्या वाट्याच्या कागदांचे काय करायचे, ते भावावर ठेवले. शोध घेतल्यावाचून वाटणी केली तर ते टाकून देणे होते. नुसता शोध घेतला आणि वाटणी केलीच नाही, तर तो पहारा होतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, ते तुकोबा होते, आमचा पोरगा नुसता लोळत पडतो. पण माउली, त्या दिवशी कान्होबांसमोर जगद्गुरू नव्हते. गावाच्या लेखी दिवाळे निघालेला, घर टाकून गेलेला एक वाणी होता. पुढे काय होणार हे ठाऊक नसतानाच कान्होबांनी वाटणी सोसली. आपल्यालाही पुढचे ठाऊक नसतानाच ती सोसायची आहे.

मग घरात वाटणी कशी करावी? जेवण, छप्पर, आजाराला औषध हा आपला वाटा. फी किती वर्षे भरता येईल हे खरे खरे सांगणे, हाही आपलाच. सकाळी उठणे, फॉर्म भरणे, राहिलेल्या विषयासाठी सरांकडे जाणे हा त्याचा. इंजिनिअरिंग पुढे न्यायचे, की आयटीआय करून कामाला लागायचे, हा निर्णयही त्याचा. त्याने तारीख चुकवली तर त्याचे नुकसान होईल. ते पाहणे फार जड जाते. तिथेच आपली साधना आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ती वाटणीची वेळ नव्हे, शोधाची वेळ आहे. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. नामस्मरण करावेच, पण ते उपचाराच्या आड येऊ देऊ नये.

वाटणीने नाते तुटेल ही भीतीही नको. तुकोबारायांच्या प्रयाणानंतर कान्होबांनी शोकाचे अभंग केले, ते गाथेत आहेत. आपला देवही पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा आत शिरला नाही. वीट घेतली आणि उभा राहिला. दार सोडून गेलाही नाही.

ते गृहस्थ पुढच्या वर्षी आकुर्डीला भेटले. म्हणाले, "महाराज, दोन विषय अजून राहिलेत. पण या खेपेला फॉर्म त्याने भरला. मी विचारलंसुद्धा नाही." एवढे बोलून ते रडू लागले.

राम कृष्ण हरी.