मापात पाप नव्हतं

डार्क वेब म्हटलं की ठग आणि लुच्चे डोळ्यांसमोर येतात. पण ‘सिल्क रोड’ या बाजाराची हकीकत वाचताना मी अडले ती तिथल्या चोख व्यवहारापाशी.

२०११ साली अमेरिकेतल्या रॉस उल्ब्रिक्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. पदार्थविज्ञानाचा पदवीधर, चांगल्या घरचा. कोण कुठून बघतंय ते लपवणारं ‘टॉर’, पैसे बिटकॉइनमध्ये, आणि माल? मुख्यतः गांजा, कोकेन, हेरॉइन. टपालाने घरपोच. गिऱ्हाइकाचे पैसे आधी बाजाराकडे जमा राहायचे. माल पोचला की विक्रेत्याला मिळायचे. माल कसा निघाला याचे शेरे गिऱ्हाईकच लिहायचं, त्यामुळे वजनात मारणाऱ्याचं नाव लगेच खराब व्हायचं. चोरलेली क्रेडिट कार्डं विकायला तर नियमाने मनाई! आपल्याकडे भाजी घेताना काट्यावर डोळा ठेवावा लागतो. तिथे मापात पाप चालत नव्हतं.

मग पाप होतं कुठे?

उल्ब्रिक्टचं म्हणणं असं की लोकांना स्वतःची निवड करायचं स्वातंत्र्य द्यावं, एवढाच आपला हेतू होता. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सज्ञान माणसाने काय घ्यावं ते दुसऱ्याने का ठरवायचं? पण प्रत्येक विक्रीत बाजाराचा वाटा होता. आणि ‘मी फक्त जागा दिली’ ही पळवाट आपल्या परंपरेने केव्हाच बुजवली आहे. कृत, कारित, अनुमोदित: स्वतः केलेलं, करवलेलं, आणि ज्याला मान डोलावली तेही. श्रावकाला वर्ज्य धंद्यांत विषवाणिज्य आहे. विष नीट तोलून विकावं असं तिथे म्हटलेलं नाही, विकूच नये असं आहे. (चातुर्मासात कांदा-बटाटा सोडणारे आपलेच लोक खालचा गाळा गुटख्याच्या दुकानाला भाड्याने देतात आणि ‘तो काय विकतो ते त्याचं तो बघेल’ म्हणतात, हेही मी ऐकलंय.)

मला जास्त खुपलं ते वेगळंच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला समोरचा माणूस दिसतो. पोरगं आलं, हात थरथरणारा कोणी आला, तर ‘नाही देत, जा घरी’ म्हणता येतं. सगळेच म्हणत नाहीत, पण म्हणता येतं. चेहरा झाकला की गिऱ्हाईक सुरक्षित होतं, आणि विकणाऱ्याची नाही म्हणायची संधीच जाते. त्या शेऱ्यांचंही तसंच. समाधानी गिऱ्हाईक चांगलं लिहितं. ज्याच्या जिवावर बेतलं तो शेरा लिहायला परत येत नाही. त्याच्या वतीने बोलायला शेवटी आईबापच आले, न्यायालयात, शिक्षेच्या सुनावणीला.

उल्ब्रिक्टला ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडलं. तपास करणाऱ्यांपैकी दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच मधल्या मध्ये बिटकॉइन लाटले आणि तेही तुरुंगात गेले. आता बोला! २०१५ मध्ये त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या तरुणाला उभा जन्म कोंडणं मलाही जास्त वाटलं होतं. माफीला मात्र माझं मन अजून तयार होत नाही.