बहुरूपी आणि तोतया

२०१२ साली मर्सिडीज-बेंझने ३०० एसएलची एक नक्कल दाबयंत्रात घालून चुरडून टाकली. पूर्ण गाडीही नव्हती ती, पंखांसारखी वर उघडणारी दारं असलेल्या त्या प्रसिद्ध गाडीचं परवानगीशिवाय बनवलेलं नुसतं धड होतं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, ब्रिटनच्या जॅग्वारने जाहीर केलं की १९५७ च्या एक्सकेएसएस या गाडीच्या नऊ प्रती कंपनी नव्याने बांधणार आहे, किंमत प्रत्येकी दहा लाख पौंडांच्या वर. जुन्या शर्यती गाड्यांचे बरेच शौकीन पहिल्या बातमीवर 'बरं झालं' म्हणाले आणि दुसरीला त्यांनी टाळ्या वाजवल्या. काम दोन्हीकडे एकच, जुन्या घाटाची नवी गाडी बांधण्याचं. परक्याने केलं की चोरी, घरच्याने केलं की वारसा.

हा न्याय इतका सोपा आहे की त्याची उलटतपासणी घ्यावी असं कुणाला वाटत नाही. चर्चा 'ओरिजिनल की डुप्लिकेट' या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चासीवरचा क्रमांक जुळला की ओरिजिनल, नाही जुळला की डुप्लिकेट. जणू गाडी म्हणजे सातबाराचा उतारा.

काही मतांना एका वाक्यात निरोप देता येतो. 'शेवटी लोखंडच ते' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांना आजीची नथही सोन्याच्या भावातच दिसते. 'खरी गाडी कुलपात ठेवावी आणि नक्कल पळवावी' म्हणणारे व्यवहारी असतात, पण ते विम्याच्या प्रश्नाचं उत्तर देतात, या प्रश्नाचं नाही. आणि हा सगळा श्रीमंतांचा चाळा आहे ही तक्रार अर्धीच खरी. रॉन चँपियन या इंग्रज लेखकाने १९९६ साली अडीचशे पौंडांत घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं, आणि लोटस सेव्हनच्या वळणाच्या गाड्या माणसं घरामागच्या शेडमध्ये जोडू लागली.

खरा मुकाबला एकाच मताशी आहे, कारण ते सभ्य आहे आणि वरवर बिनतोड आहे. ज्या कंपनीने मूळ गाडी बनवली तिनेच ती पुन्हा बनवली, तर तिला नक्कल कसं म्हणायचं? कवी आपल्याच कवितेची दुसरी आवृत्ती काढत नाही का?

आधी एक्सकेएसएसचं प्रकरण नीट पाहू. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारच्या डी-टाइपने जिंकली. पण १९५६ च्या अखेरीस कंपनीने स्वतःचा शर्यत संघ बंद केला आणि काही डी-टाइप गिऱ्हाइकाविना पडून राहिल्या. त्यांना मोठी काच, आणखी एक दार आणि कापडी टप बसवून रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून विकायचं ठरलं. तीच एक्सकेएसएस. म्हणजे ज्या गाडीच्या शुद्धतेसाठी आज एवढा सोवळेपणा चालतो, ती जन्माला आली ती उरलेल्या मालाची विल्हेवाट लावण्यासाठी. बेत पंचवीस गाड्यांचा होता. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली, नऊ गाड्या जळाल्या, आणि पुऱ्या झालेल्या गाड्यांचा आकडा सोळावर थांबला.

२०१६ च्या घोषणेतला 'नऊ' हा आकडा त्या राखेतून आला. नव्या गाड्या जळालेल्या नऊ गाड्यांच्या जागी आहेत, असं सांगितलं गेलं.

आता 'त्याच कंपनीने' या शब्दांकडे वळू. संस्थापक विल्यम लायन्स १९८५ साली गेले. डी-टाइपला तिचा माशासारखा आकार देणारे माल्कम सेयर त्याआधीच, १९७० मध्ये. कंपनी ब्रिटिश लेलँडच्या गोतावळ्यात गेली, पुन्हा स्वतंत्र झाली, फोर्डकडे गेली आणि २००८ साली मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सकडे आली. मराठी वाचकाला या शेवटच्या टप्प्याचा अभिमान वाटला तर वाटू द्यावा, त्यात गैर काही नाही. पण ब्राउन्स लेनचा कारखाना आता उभा नाही, आणि जुन्या गाड्यांचं काम जिथे चालतं ती कार्यशाळा २०१७ साली रायटनला उघडली. माणसं ती नाहीत, जागा ती नाही, हत्यारंही ती नाहीत. उरलं ते बोधचिन्ह आणि एक वही, ज्या वहीत काही क्रमांक कोरे राहिले होते. कवी दुसरी आवृत्ती काढतो तेव्हा तो निदान हयात असतो. इथे कवीच्या प्रकाशकाच्या वारसाकडून हक्क विकत घेणाऱ्याने कवीच्या वहीतली कोरी पानं भरून काढली आहेत, आणि अक्षर कवीचंच आहे असा आग्रह आहे.

अक्षर खरोखर हुबेहूब असलं तर? इथे जवळून पाहावं लागतं. १९६३ ची लाइटवेट ई-टाइप ही अ‍ॅल्युमिनियमच्या धडाची शर्यती गाडी. अठरा क्रमांक राखून ठेवले होते, गाड्या झाल्या बारा. उरलेल्या सहा बांधायचं कंपनीने २०१४ साली जाहीर केलं. त्यासाठी जुन्या धडाचं डिजिटल स्कॅनिंग झालं, त्यातली एक बाजू घेतली आणि तीच आरशातल्यासारखी उलटवून दुसरी बाजू तयार केली. का? तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळाव्यात म्हणून. त्या काळच्या हातकामाच्या गाड्यांत अशी समता क्वचितच सापडते. पत्रा लाकडी साच्यावर धरून, चाकाखाली पुन्हा पुन्हा ओढून, हातोडीने कानोसा घेत वळवलेला असायचा. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये उस्ताद पत्रेवाला मडगार्डवरून तळहात फिरवून 'अजून जरा दाबायला पाहिजे' म्हणतो, तेच काम. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उंच राहणं ही त्या माणसाची सही होती. नव्या गाडीत ती सही पुसून टाकली, आणि हीच गाडी मूळ क्रमांकांच्या मालिकेतली म्हणून विकायला ठेवली.

इथे न्यायाने एक मान्य करायला हवं. या गाड्या उत्तम आहेत. नव्या एक्सकेएसएसमध्ये ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, वेबरचे तीन कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येक गाडीत दोन हजारांवर रिव्हेट ठोकलेले आहेत आणि एकेका गाडीवर सुमारे दहा हजार तासांचं काम होतं असं कंपनीने सांगितलं. कंपनीने काही लपवलंही नाही. गाडी नवी आहे, हे ती उघड सांगते. तक्रार गाडीबद्दल नाहीच, क्रमांकाबद्दल आहे. नवी गाडी बांधली, नवा क्रमांक दिला, तर कुणाचं काय बिघडतं? पण मग किमतीतलं एक शून्य कमी झालं असतं. ते शून्य क्रमांकाचं आहे.

मराठी माणसाला हा भेद समजायला अवघड जाऊ नये, कारण त्याच्या इतिहासात आणि त्याच्या दारात या दोन्ही जातींची माणसं येऊन गेली आहेत. बहुरूपी पोलिसाचा वेश करून येतो, दरडावतो, खोटं वॉरंट काढतो. घरातलं लहान पोर घाबरतं, मोठी माणसं हसतात आणि चार पैसे देतात. त्याला आपण फसवणूक म्हणत नाही, कारण तो वेश घेतो, नाव घेत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला त्याची गोष्ट वेगळी. तो भाऊसाहेबांसारखा दिसतो की नाही हा मुद्दा दुय्यम होता. त्याने मागितली ती भाऊसाहेबांची जागा. बहुरूपी रूप उसनं घेतो, तोतया कूळ उसनं घेतो.

कोब्रा या गाडीवर हा निकष लावून बघा. कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ साली इंग्लंडच्या टेम्स डिटन गावच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं. मूळ कोब्रा सुमारे हजारभरच. तिच्या फायबरच्या नकला मात्र त्याच्या कितीतरी पट, इतक्या की रस्त्यावर कोब्रा दिसली तर ती नक्कल आहे असं धरूनच चालावं. मॅसॅच्युसेट्‌समधली फॅक्टरी फाइव्ह ही कंपनी १९९५ पासून जुन्या मस्टँगचे भाग वापरून जोडायचे संच विकते. शुद्धतावाद्यांचा सगळा राग या गाड्यांवर. पण त्या फसवतात कुणाला? मालक पेट्रोल पंपावर स्वतःच सांगतो, 'मी बांधली.' 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' या २०१९ च्या सिनेमात पळालेल्या कोब्रा आणि जीटी४० दक्षिण आफ्रिकेत बांधल्या जाणाऱ्या सुपरफॉर्मन्सच्या प्रतिकृती होत्या. प्रेक्षकांना ल मान्सचा घाम सुटायचा तो सुटलाच. चांगल्या बहुरूप्याने आणखी काय करायचं असतं?

आणि खुद्द शेल्बी? साठच्या दशकात उरलेल्या चासींवर पुऱ्या केलेल्या म्हणून नव्वदच्या दशकात ते ज्या ४२७ कोब्रा विकायला काढत होते, त्यांच्या चासी नव्याने बनवलेल्या आहेत, हे १९९३ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने उघडकीला आणलं. गाडीचा जनकच तिचा वारसा लांबवायला निघाला होता. म्हणजे जन्मदात्याचा हातसुद्धा तोतयेपण धुऊन काढत नाही. 'त्याच कंपनीने बनवली' या युक्तिवादाचं यानंतर काय उरतं, ते तो मांडणाऱ्यांनी सांगावं.

त्यातल्या चतुर लोकांकडे एक हुकमाचं पान असतं, बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन'चं. १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षं ल मान्स जिंकणारी ही गाडी. पुढे तिचं इंजिन बदललं, चासी बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्‌सच्या ट्रॅकवर क्लाइव्ह डन्फी हा चालक ती पळवतानाच मेला. मग तिची बंदिस्त कूपे झाली, आणखी बदल झाले. १९९० साली एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि गिऱ्हाइकाने हात आखडले. १९२९ च्या गाडीचं हिच्यात जवळजवळ काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. लंडनच्या न्यायालयाने ते ऐकून घेतलं आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. गाडीचं आयुष्य कुठे तुटलेलं नाही, म्हणून ती ओल्ड नंबर वनच. मग मूळ धातू नसताना ही खरी ठरते, तर जॅग्वारची का नाही?

नेमकं उलटं आहे. या निकालाने धातूला महत्त्व दिलं नाही, तसं क्रमांकालाही दिलं नाही. दिलं ते आयुष्याला. ती गाडी पळत होती, आपटत होती, दुरुस्त होत होती, पुन्हा पळत होती. भाग बदलत गेले आणि गाडी चालू राहिली. नऊ एक्सकेएसएसना १९५७ ते २०१६ एवढी एकोणसाठ वर्षं आयुष्यच नव्हतं. जळालेल्या माणसाच्या नावाने साठ वर्षांनी बारसं करता येईल. पण ते बारसंच.

(आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि चासी, धड किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. ओल्ड नंबर वन पुण्याच्या आरटीओत आली असती तर साहेबांनी तिला परत पाठवलं असतं.)

घरच्याने केलं की वारसा, या न्यायाचं टोक स्वीडनमध्ये दिसलं. तिथल्या एका वयस्कर दांपत्याने जॅग्वारच्या १९५१ च्या सी-टाइपची प्रतिकृती बांधायला घेतली होती. कंपनीने कॉपीराइटचा दावा लावला. २०२० साली खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, गाडी नष्ट करण्यापर्यंत गोष्ट गेली. पुढे अपिलात तो निकाल फिरला. मधल्या काळात, २०२१ च्या सुरुवातीला, जॅग्वारने स्वतःच्या नव्या सी-टाइप विकायची घोषणा केली. हक्क राखणं हा कंपनीचा अधिकार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरच्या शेडमधला बहुरूपी गाडीसकट मोडीत निघायची वेळ येते, तेव्हा शौकिनांनी कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे ठरवण्याइतकी अक्कल त्यांच्याकडे असायला हवी.

सगळेच बहुरूपी चांगले नसतात. पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर आणि एसी घातलेली कोब्रा म्हणजे फेटा बांधलेला पुतळा. खऱ्या ४२७ मध्ये सात लिटरचं इंजिन जेमतेम नव्वद इंची चाकांतराच्या गाडीत कोंबलेलं असतं. बाजूने जाणारा उघडा सायलेन्सर उतरताना बेसावध माणसाची पोटरी भाजतो, आणि शौकीन त्याला कौतुकाने सर्पदंश म्हणतात. बहुरूप्याला वेश जमला पण तो डाग पडला नाही, तर सोंग वठलं नाही.

असं सोंग वठवणाऱ्यांसाठी ब्रिटनने एक सोय करून ठेवली आहे. ज्या गाडीचं वय किंवा मूळ ओळख सिद्ध होत नाही, तिला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. शौकीन या अक्षराला नाक मुरडतात, त्याने गाडीची किंमत पडते म्हणून. आणि एकदा तो क्रमांक लागला की मालक कितीही पैसे मोजायला तयार असला, तरी त्या गाडीवर हौसेचा दुसरा क्रमांक लावता येत नाही.