मार्क वाया जातील का?

‘सेवाग्राम पहिलं टाकलं तर एवढे मार्क वाया जातील रे,’ ताई फोनवर म्हणाली. भाचीचा नीटचा निकाल लागला होता, सीईटी सेलचा पसंतीक्रम भरायचा होता आणि लातूरच्या त्या घरात दोन नावांवर गाडी अडली होती. एक परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं केईएम. दुसरं वर्ध्याजवळचं सेवाग्राम. गुण असे की यादीत जे वर लिहिलं जाईल ते मिळण्याची दाट शक्यता. मी मेडिसिन शिकवतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

‘मार्क वाया जाणं’ हे दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी अस्वस्थ होतो. हातातल्या पैशांत येत होती तेवढी महाग वस्तू घेतली नाही, तर उरलेली रक्कम बुडाली, असा काहीसा तो हिशेब आहे. त्याच्या मुळाशी कटऑफवरचा विश्वास असतो. पण कटऑफ तयार कसा होतो? गेल्या वर्षी वरचे गुण मिळवलेल्या मुलांनी काय निवडलं, त्याची ती नोंद. त्या मुलांनी त्याच्या आदल्या वर्षीची नोंद पाहून निवडलेलं असतं. या साखळीत वॉर्डात जाऊन कुणी पाहिलेलंच नसतं. शिक्षक किती आहेत, ते शिकवतात का, पेशंटला हात लावायला मिळतो का, यातलं काहीच त्या आकड्यात उतरत नाही. शहर मात्र उतरतं.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निवडीची ही मोकळीक मराठवाड्याच्या मुलांना सहज मिळालेली नाही. २०२० सालच्या सप्टेंबरात ७०:३० चं प्रादेशिक सूत्र रद्द झालं, तोवर ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी असायच्या. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे जागाही कमी. मुंबईची दारं उघडली म्हटल्यावर लातूरच्या आईला ती डोळ्यांपुढे दिसतात, यात तिचं काय चुकलं?

मी शिकलो त्या कॉलेजात एका खाटेभोवती आम्ही तीसेक जण उभे राहायचो. मागच्या रांगेतून पेशंटची पावलं तेवढी दिसायची. ‘स्प्लीन पाल्पेबल’ हे शब्द मी पुढच्याचं ऐकून कित्येकदा जर्नलात उतरवले; बोटांना मात्र काहीच लागलेलं नव्हतं. एका संध्याकाळी आमच्या एका लेक्चरर मॅडमनी मला सिकलसेलच्या एका मुलापाशी नेलं. उजवीकडे खालून सुरुवात करायला लावली, माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, ‘बाळा, मोठा श्वास घे.’ प्रत्येक श्वासाला आमचे हात डाव्या बरगड्यांकडे थोडे सरकत होते. चौथ्या श्वासाला बोटांच्या टोकाशी काहीतरी येऊन टेकलं आणि श्वास सुटताच मागे गेलं. ‘ही कडा,’ त्या म्हणाल्या. ‘आता तू एकटा कर.’ पंचवीस वर्षांनंतरही मी मुलांना पोट तपासायला शिकवतो तेव्हा माझ्या हातात त्या हाताचं वजन असतं.

म्हणून माझ्या लेखी दोन कॉलेजांमधल्या निवडीचा खरा प्रश्न एवढाच आहे की अशी संध्याकाळ कुठे वाट्याला येईल, आणि खाटेवर कोण असेल.

सेवाग्रामकडे माझा कल होता, तो यामुळेच. १९४५ साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेला कस्तुरबा दवाखाना आणि १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं कॉलेज. वर्षाला १०० मुलं. आल्या आल्या आश्रमात शिबिर, मग प्रत्येक बॅचला एक गाव आणि त्या गावात प्रत्येक मुलाच्या वाट्याला काही कुटुंबं. कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आता आला. तिथे तो दशकानुदशकं चालू आहे. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविमा सुरू केला, त्याचा हप्ता लोक ज्वारीच्या रूपाने देत. वॉर्डात सर्पदंश, पोटात कीटकनाशक गेलेला शेतकरी, सिकलसेलची पोरं. वैद्यक जिथे गावाच्या धान्याशी जोडलेलं आहे, तिथे मुलगी घडावी असं मला मनापासून वाटत होतं.

केईएमची थोरवी सांगायला मी नको. १९२६ पासून ते रुग्णालय चालू आहे आणि कॉलेजात शिक्षक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. देशातलं पहिलं हृदयरोपण डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ साली तिथेच केलं. डॉ. रवी बापट यांच्या ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ने तो वॉर्ड मराठी घरांत पोहोचवला. पण एवढ्या मोठ्या जागी विद्यार्थ्याला हात धरून शिकवणारं कुणी भेटेल का, हा माझा प्रश्न होता.

माझ्या बाजूला एक भगदाड आहे, ते झाकणं बरोबर नाही. हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, गडचिरोलीचे डॉ. अभय आणि राणी बंग, बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे, महाडला विंचूदंशावर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर ही सगळी माणसं एमबीबीएस झाली नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. भल्यामोठ्या, शहरातल्या, गर्दीच्या. कॉलेज माणसाला गावाकडे पाठवतं, असा नियम यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की तिथल्या वॉर्डात अख्खा विदर्भ येत होता आणि पाहणाऱ्याला तो दिसत होता.

फॉर्मची मुदत संपायच्या आधी मी भाचीला दोन्ही ठिकाणी जाऊन यायला सांगितलं. कॉलेजची इमारत पाहू नकोस, ओपीडीत बस, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार की पहिल्यांदा पेशंटला हात लावलास तेव्हा शेजारी कोण होतं. नांदेड, यवतमाळ करत ती आणि ताई एसटीने वर्ध्याला गेल्या. नंतर रात्रीच्या गाडीने मुंबईला.

परळहून तिचा फोन आला तो दुपारी. हॉस्टेलबद्दल, मुंबईबद्दल ती काहीच बोलली नाही. केसपेपरच्या रांगेत तिला औसा तालुक्यातलं एक जोडपं भेटलं होतं. बाईच्या हृदयाची झडप बदलायची होती. तीन दिवस ती दोघं फूटपाथवर झोपत होती आणि कोणत्या मजल्यावर कोणता कागद द्यायचा, हे त्यांना कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं. भाचीने त्यांच्यासोबत दोन तास काढले, कागद लावून दिले.

‘मामा, सेवाग्राम मला खूप आवडलं,’ ती म्हणाली. ‘पण आपल्याकडची माणसं शेवटी इथंच येतात की. आणि आल्यावर त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायला कुणी सापडत नाही.’

मी तिला विचारलं, हात धरून शिकवणाऱ्याचं काय? तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिला सांगितलं होतं की रात्रीच्या इमर्जन्सीला स्वतःहून थांबलं तर रेसिडेंट शिकवतात, दिवसा वेळ नसतो.

‘मग रात्री थांबीन,’ ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने फॉर्म भरला. पहिलं परळ, दुसरं सेवाग्राम. ताई खूश झाली, मार्क वाया गेले नाहीत म्हणून. भाचीने औशाच्या त्या माणसाचा नंबर वहीत लिहून आणला होता. ऑपरेशनची तारीख मिळाली का, हे विचारायला.