मूर्ती, देव आणि मालकी

तामिळनाडूतील वृद्धाचलम येथील वृद्धगिरीश्वर मंदिराच्या भिंतीतील कोनाड्यात अर्धनारीश्वराची पाषाणमूर्ती होती. ती चोरीला गेली आणि 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातील आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सने विकत घेतली. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुन्या छायाचित्रांमुळे तिचे मूळ ठिकाण सिद्ध झाले.

अशा विक्रीत नेमके काय विकले जाते? शिल्पकाराने घडवलेला दगड प्राणप्रतिष्ठेपर्यंत दगडच असतो. त्यानंतर तिथे देवाचे सान्निध्य मानले जाते. घरच्या पार्थिव गणपतीचे सान्निध्य मात्र विसर्जनापर्यंतच. स्थिर मूर्तीला निरोपच नसतो, म्हणून चोराने ती उचलली तरी देवाचा हक्क संपत नाही. संग्राहक तिला ‘कलावस्तू’ म्हणतो तेव्हा तो तिचे अर्धेच वर्णन करतो. भारतीय कायद्यातही प्रतिष्ठित देवता विधिमान्य व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्येच हे मान्य केले होते. देवता स्वतःच मालक असेल, तर तिला विकण्याचा अधिकार पुजाऱ्यालाही नाही, मग दलालाला कुठून असणार?

सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाने ही मूर्ती भारताला परत केली.