वस्तूचे आयुष्य आणि गृहस्थाचा धर्म

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात देहांतर समजावून देण्यासाठी भगवंतांनी वस्त्राचा दृष्टांत योजिला आहे. श्लोकाचा मुख्य विषय आत्म्याचे अविनाशित्व हाच होय. तथापि टाकावयाच्या वस्त्रास त्यांनी ‘जीर्ण’ हे विशेषण लाविले आहे, याकडे गृहस्थाने दुर्लक्ष करू नये. जे झिजले, ज्याचे कार्य संपले, तेच टाकावे, हा लोकव्यवहार तेथे गृहीत धरला आहे. वस्तू झिजण्यापूर्वीच टाकणे, किंवा ती लवकर टाकावी लागेल अशीच घडविणे, हा व्यवहार त्याच्या अगदी उलट होय.

१९२४ साली जिनेव्हा येथे विजेचे दिवे करणाऱ्या मोठ्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला. त्या काळी चांगला दिवा १५०० ते २००० तास जळत असे. संघाने ही मर्यादा १००० तासांवर आणिली. सभासदांचे दिवे तपासले जात, आणि ज्याचा दिवा अधिक काळ टिके त्याला दंड होई! कमी काळ टिकणारा दिवा तेवढ्याच विजेवर अधिक प्रकाश देतो, असे समर्थन केले जाई. त्यात तथ्यांशही होता. परंतु हेतू केवळ प्रकाशाचा असता, तर दोन्ही प्रकारचे दिवे ग्राहकापुढे ठेवून निवड त्याच्यावर सोपविता आली असती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो संघ मोडला. ती वृत्ती मात्र मोडली नाही. आज कित्येक मोबाइलची बॅटरी आत चिकटवून टाकलेली असते, आणि एक लहानसा भाग मिळत नाही म्हणून सबंध यंत्र निरुपयोगी ठरते.

तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना भगवंतांनी, देवांनी दिलेले त्यांना अर्पण केल्यावाचून भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. पूर्ण मूल्य घेऊन वस्तूचे आयुष्य गुप्तपणे कापून ठेवणारा या दोषातून कसा सुटेल? अठराव्या अध्यायात स्वकर्म हीच ईश्वराची पूजा सांगितली आहे. पूजेचे फूल कोणी जाणूनबुजून किडलेले आणीत नाही.

परंतु सर्व दोष कारखानदारावर टाकून गृहस्थ मोकळा होत नाही. घरातील यंत्र उत्तम चालत असता, शेजाऱ्याकडे नवे आले म्हणून जो ते टाकतो, त्याला कोणत्या कारखानदाराने भाग पाडिले? सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या मनुष्याचे वर्णन आहे. त्याला एक मिळाले की दुसऱ्याचा ध्यास लागतो. या ध्यासाचा भार अन्य कोणी वाहतो. दिल्लीच्या सीलमपूर भागात गरीब माणसे टाकलेली यंत्रे हातांनी फोडून त्यांतील धातू वेगळे करतात, आणि विषारी धूर त्यांच्याच छातीत जातो.

यावर उपाय गृहस्थाच्या हाती आहेत. विकत घेण्यापूर्वी त्याने विचारावे: ही वस्तू दुरुस्त होते काय? तिचे सुटे भाग किती वर्षे मिळतील? बॅटरी बदलता येते काय? २०२२ च्या डिसेंबरात भारत सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. तेथील माहितीचा उपयोग करावा. गल्लीतील कारागिराला काम द्यावे. त्याच्या हातची विद्या त्यानेच टिकते. नादुरुस्त वस्तू ठेवून न देता वेळीच नीट करून घ्यावी. स्वतःला नको असलेली चालू वस्तू गरजूला द्यावी. अगदी निरुपयोगी झालेली अधिकृत संकलन केंद्रातच पोहोचवावी.

ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. महाराष्ट्रात जुन्या लुगड्यांची गोधडी झाली, बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा झाला. आपल्या आजींनी जीर्ण वस्त्रालाही दुसरे आयुष्य दिले. तेव्हा कोणतीही वस्तू टाकण्यासाठी हात उचलला की गृहस्थाने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे: ही वस्तू खरोखर जीर्ण झाली आहे, की केवळ आपले मन तिला विटले आहे? मन विटले असेल, तर दुरुस्ती वस्तूची नव्हे, मनाचीच करावयास हवी.