कुरकुर आणि गाऱ्हाणे

काही दिवसांमागे एका खेड्यातील मंडळीत आम्ही सायंकाळच्या उपासनेस गेलो होतो. वीज गेली होती. आणि दोन आठवडे ती रोज दिवेलागणीस अशीच जात होती. कंदिलाच्या उजेडात उपासना आटोपली, आणि मग ओसरीवर बोलणे निघाले. शाळेतील तरुण मास्तर म्हणाले की, सर्वांनी सह्या करून कचेरीस अर्ज द्यावा आणि उत्तर न आले तर दारात जाऊन बसावे. त्यावर मंडळीचे एक वृद्ध वडील म्हणाले, "मास्तर, अरण्यात इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि त्यांचे काय झाले, हे तुम्हीच रविवारी मुलांस शिकवता ना? ख्रिस्ती माणसाने सोसावे." मास्तर म्हणाले, "आबा, सोसणे आणि गप्प बसणे एकच काय?" मग दोघांनीही आम्हांकडे पाहिले. त्या रात्री आम्ही जे बोललो ते अपुरे होते. म्हणून तो प्रश्न आज सर्व वाचकांपुढे ठेवतो. अधिकाऱ्यांविषयी तक्रार करणे हे पाप आहे काय?

आपल्याच गावाचा प्रश्न असला म्हणजे राग, भय आणि ओळखपाळख ही मध्ये येतात आणि विचार सरळ चालत नाही. यास्तव हाच प्रश्न ज्या लोकांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, अशा एका दूरच्या बेटाकडे प्रथम पाहू.

कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे १६० किलोमीटर व रुंदी सुमारे ५५ किलोमीटर. म्हणजे ते आमच्या सातारा जिल्ह्याहूनही लहान. तेथे सुमारे ३२ लाख लोक राहतात. १८९८ मध्ये ते स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आले, आणि लागलीच अमेरिकन मिशनांनी बेटाचे प्रांत आपसांत वाटून घेऊन तेथे सेवा आरंभिली. बेटवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. परंतु बेटावर राहणाऱ्यास राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.

२० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' नावाचे चक्रीवादळ या बेटावर आदळले आणि सबंध बेटाची वीज गेली. काही ठिकाणी ती आठवड्यांनी आली, काही ठिकाणी महिन्यांनी. शेवटच्या घरांत दिवा लागावयास सुमारे अकरा महिने गेले. वादळ देवाच्या सृष्टीतून आले हे खरे. पण अकरा महिन्यांचा अंधार वादळाने आणला नाही. त्याची मुळे माणसांच्या कारभारात होती. मोठी वीजगृहे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि बहुतेक वस्ती उत्तरेस. मध्ये डोंगर, आणि त्या डोंगरांवरून नेलेल्या तारा. या तारांची निगा वर्षानुवर्षे राखली गेली नव्हती. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी वीज संस्थेवर सुमारे ९ अब्ज डॉलरचे कर्ज चढले होते, आणि वादळाच्या अडीच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, तिने दिवाळखोरीसाठी न्यायालयाचे दार ठोठावले होते. नगरपालिकांस कराच्या बदल्यात वीज फुकट मिळत असे. म्हणून ती जपून वापरण्याचे कारणच उरले नव्हते. आग्वादिया नावाच्या नगरात तर त्या उष्ण प्रदेशात बर्फावर घसरण्याचे क्रीडागारही फुकटच्या विजेवर चालत असे. पैसे न देता मिळालेल्या वस्तूचे मोल कोणी तरी पुढे देतोच. आणि बहुधा तो गरीब असतो.

कोणी म्हणेल, आमचे राज्य या जगाचे नाही, दिव्यासाठी इतके काय रडावे? पण ज्याचे औषध थंड पेटीत ठेवावे लागते, ज्याचा श्वास यंत्रावर चालतो, त्याला वीज ही चैन नव्हे. वादळानंतर कित्येक महिने सरकारी हिशेबात मृतांची संख्या ६४ होती. पुढे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शोध केला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने २,९७५ ही संख्या मान्य केली. यांतील बहुतेक वाऱ्याने वा पुराने मेले नाहीत. औषध, उपचार, वीज व वाट यांच्या अभावी मागाहून मेले.

ही संख्या मान्य होण्यापूर्वी, जून २०१८ मध्ये, सान हुआन येथील विधिमंडळाच्या इमारतीपुढे लोक एकेक येऊन आपल्या मृतांचे जोडे ठेवू लागले. कोणी आईचे, कोणी बापाचे, कोणी लेकराचे. पाहता पाहता शेकडो जोड जमले. याला कुरकुर म्हणावे काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. ज्यांना हिशेबात धरले नव्हते, त्यांस हिशेबात धरा, एवढेच ते जोडे मागत होते.

पुढल्या वर्षी, जुलै २०१९ मध्ये, राज्यपाल व त्यांचे सोबती यांची खासगी पत्रापत्री उघड झाली. तीत जनतेची आणि मृतांचीही थट्टा होती. तेव्हा लाखो लोक रस्त्यांवर आले, आणि २ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यपाल रिकार्दो रोसेयो यांनी पद सोडले. वाचकहो, येथे नीट लक्ष द्यावे. राज्यपाल गेले, पण दिवा आला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये 'फियोना' वादळात सबंध बेट पुन्हा अंधारात गेले. २०२४ च्या शेवटल्या दिवशी बेटाच्या बहुतेक भागातील वीज गेली. आणि १६ एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या बुधवारी, सबंध बेटाची. त्या दोन दिवशी वादळही नव्हते. तोवर तारांचा कारभार २०२१ पासून एका खासगी कंपनीकडे, वीजगृहांचा २०२३ पासून दुसऱ्या कंपनीकडे, कर्जाचा वाद न्यायालयापुढे, आणि तिजोरीची किल्ली २०१६ च्या कायद्याने नेमलेल्या सात जणांच्या मंडळाकडे गेली होती. त्या मंडळास बेटवासीयांनी निवडले नव्हते. गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या माणसास एक दार दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरे तिसऱ्याकडे. अशा ठिकाणी मनुष्य घरी परततो आणि चुलीपुढे बसून शिव्या देतो. गाऱ्हाण्यास जेथे दार नसते तेथे कुरकुर जन्मते, ही गोष्ट अधिकाऱ्यांनी ध्यानात धरण्याजोगी आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. आबांनी दिलेला दाखला खरा आहे. अरण्यातील कुरकुर देवास आवडली नाही. पण ती कोठे झाली? मोशे अनुवादाच्या पहिल्या अध्यायात सांगतो की, लोकांनी ती आपापल्या तंबूत केली. आणि ती काय मागत होती? मिसर देशाची भांडी व तेथील मांस, म्हणजे पोट भरणारी गुलामगिरी. परंतु त्याच अरण्यात, गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली गाऱ्हाणे घेऊन आल्या. बापास पुत्र नाही म्हणून आमचा वाटा बुडावा काय, असे त्यांनी विचारले. त्या तंबूत पुटपुटल्या नाहीत. दर्शनमंडपाच्या दारी, मोशे, याजक व सर्व सरदार यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आणि देवाने काय म्हटले? त्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे असे म्हटले, आणि त्यांच्यासाठी नवा नियम दिला. अरण्य तेच, देव तोच, मोशेही तोच. एकीस शिक्षा, दुसरीस न्याय. तंबूतील बोलणे आणि दारातील बोलणे यांत एवढे अंतर आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांस रोजच्या वाटणीत उपेक्षिले गेले, म्हणून तक्रार उठली. तेथे मूळ भाषेत जो शब्द आहे तो कुरकुर याच अर्थाचा आहे. तरी प्रेषितांनी कोणास दटावले नाही. त्यांनी सर्वांस बोलावले, सात चांगली माणसे निवडावयास सांगितली आणि काम त्यांच्या हाती दिले. ऐकणारा कान मिळाला म्हणजे कुरकुरीचेही गाऱ्हाणे होते, आणि गाऱ्हाण्याची सेवा होते. आमच्या पंचकमिट्यांनी व आम्हां पाळकांनीही हा धडा घ्यावा. वीजकचेरीचेच दार तेवढे बंद असते असे नाही.

मग सत्ताधाऱ्यांच्या अधीन असावे, हे पौलाने रोमकरांस लिहिले त्याचे काय? ते आम्ही मानतो. पण त्याच ठिकाणी पौल अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटला की धनी आला, आणि धनी आला की हिशेब आला. जो स्वतः अधीन राहून सेवकास त्याच्या सेवेची आठवण देतो, तो बंडखोर नव्हे. फिलिप्पै येथे पौलास चौकशीवाचून फटके मारून बंदीत टाकले, आणि सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा तो निघाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. त्याने सूड मागितला नाही; सत्य उजेडात यावे एवढेच मागितले.

तरीपण गाऱ्हाणे करणाऱ्यानेही आपले हात पाहावे. जो वीजकंपनीस चोर म्हणतो आणि रात्री तारेवर आकडा टाकतो, त्याचे गाऱ्हाणे देवापुढे उभे राहील काय? शेजाऱ्याने आकडा टाकला की त्याचा भार सर्वांच्या तारेवर पडतो आणि विधवेच्या झोपडीतील दिवा मंद होतो. पोर्तो रिकोतील पालिका फुकट वीज वापरीत, तेच पाप आमच्या आळीत लहान रूपाने आहे. लहान आहे म्हणून ते पुण्य होत नाही.

त्याच बेटावर दुसराही एक धडा आहे. डोंगरातील आदहुंतास नावाच्या गावी १९८० मध्ये काही कुटुंबांनी एक संस्था काढली; तिचे नाव कासा पुएब्लो, म्हणजे लोकांचे घर. त्यांच्या डोंगरात तांबे व सोने काढण्यासाठी मोठ्या खाणी खोदावयाच्या होत्या. त्यांविरुद्ध या लोकांनी पंधरा वर्षे गाऱ्हाणे चालविले, आणि १९९५ मध्ये तो बेत रद्द झाला. पण ते गाऱ्हाण्यावरच थांबले नाहीत. १९९९ मध्ये त्यांनी आपल्या घरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारी तावदाने बसविली. २०१७ च्या वादळानंतर सारे बेट काळोखात असता त्या घरी दिवा होता. लोक तेथे श्वासाची यंत्रे चालवावयास व औषधे ठेवावयास येत. आणि तेथून सूर्यावर चालणारे हजारो दिवे घरोघर वाटले गेले. ज्यांनी राज्यकर्त्यांस 'हे करू नका' म्हटले, त्यांनीच शेजाऱ्यांस 'हे घ्या' म्हटले. नहेम्यानेही असेच केले. गरिबांचे गाऱ्हाणे ऐकून त्याने व्याज घेणाऱ्या सरदारांस सर्वांसमोर ठपका दिला. स्वतः बारा वर्षे अधिपतीचा भत्ता घेतला नाही. आणि त्याच्या वेळी कित्येकांनी आपापल्या घरासमोरची भिंत स्वतः बांधली.

हे सारे दूर देशीचे आहे असे कोणी म्हणू नये. मुंबई बंदराजवळच्या घारापुरी बेटावरील लेणी पाहावयास जगातून लोक येत. पण तेथील तीन वाड्यांस कायमची वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये आली, समुद्रातळातून सुमारे साडेसात किलोमीटर तार घातल्यानंतर. तोवर तेथील लोक रात्री काही तास डिझेलच्या यंत्रावर दिवे लावीत. महानगराचे दिवे समोर पाण्यापलीकडे दिसत असता स्वातंत्र्याची सत्तर वर्षे त्यांनी वाट पाहिली. इतक्या वर्षांच्या वाट पाहण्यास आम्ही केवळ सहनशीलतेचा नमुना म्हणून मिरवू, तर ज्यांचे ते काम होते त्यांस आम्ही फार स्वस्तात सोडले असे होईल.

म्हणून आबांस व मास्तरांस आमचे उत्तर असे. आबांनी कुरकुरीचे भय बाळगले ते योग्य. तिने मन कडू होते आणि दिवाही लागत नाही. मास्तरांनी अर्ज मागितला तेही योग्य. तर अर्ज लिहावा. त्यात वीज कोणत्या दिवशी किती तास गेली, तेवढेच लिहावे. एक तासही वाढवू नये. आपल्या दिव्याआधी आजाऱ्याचा, बाळंतिणीचा व परीक्षेस बसणाऱ्या लेकराचा दिवा मागावा. आणि तो केवळ ख्रिस्ती आळीसाठी नव्हे, सर्व गावासाठी मागावा. गावातील इतर बांधवांच्याही सह्या घ्याव्या. अर्ज देण्यापूर्वी ज्याचा आकडा असेल त्याने तो काढावा. कचेरीतील कारकुनाशी नम्रतेने बोलावे, कारण तोही कोणाच्या तरी हाताखाली आहे. उत्तर न आले तर पुन्हा जावे. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे एकदाच गेली नव्हती. दारात बसण्याची वेळ आली तरी हाती दगड व मुखी शिवी असू नये. आणि ज्या घरी सूर्यावर चालणारा एखादा दिवा असेल त्याने सायंकाळी तो आजाऱ्याच्या घरी न्यावा.

हे सर्व करून, ज्यांच्याविरुद्ध अर्ज केला त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याचा द्वेष फार दिवस टिकत नाही. आणि द्वेष गेला म्हणजे गाऱ्हाणे सोडावे लागत नाही, उलट ते अधिक स्पष्ट बोलता येते. ज्या प्रभूने अंधारावर पहिला शब्द उच्चारला तो आमच्या गावांस दिवा देवो, आमच्या अधिकाऱ्यांस कान देवो, आणि आम्हांस तंबूतून निघून दारी उभे राहण्याचे धैर्य देवो.